भिवाचा जोडीदार

उधना, सुरत
३ सप्टेंबर २०२५

राघोस,
सुकलालचा रामराम.

अक्षर ओळखलंस का? चोवीस वर्षांत हात थोडा थरथरायला लागलाय, बाकी वळण तेच. पत्ता तुझ्या साडूकडून मिळवला. इकडे सगळे खुशाल आहेत. अनुसयाचे गुडघे कुरकुरतात, पोरगी मयुरी इथून जवळच्या सचिन गावात एका कंपनीत नोकरीला लागली. मी मागाच्या खात्यावर कामाला जाणं दोन वर्षांपूर्वी सोडलं. मागांच्या खडखडाटाने कान गेले, पण ओठ वाचायची आपली विद्या शाबूत आहे. घरात माझ्याबद्दल काय कुजबुज चालते ती स्वयंपाकघराच्या दारातूनच कळते.

लिहायला कारण 'वाघदरीचा पहारा'. आपण दोघांनी थेटरात चार वेळा पाहिला होता. मंडळ अजून दर गणपतीत तो पडद्यावर लावतं. यंदा आपल्या अध्यक्षांनी, नितीनने, कुठून तरी नवी प्रत उतरवली. दिग्दर्शकाने सव्वीस वर्षांनी तोच सिनेमा पुन्हा कापूनजोडून काढलाय, अठरा मिनिटं जास्तीचा. म्हणे तेव्हा निर्मात्याने लांबी कमी करायला लावली, खरा सिनेमा हा. मला पटत नाही. सव्वीस वर्षं गप्प बसलेला माणूस एकदम खरं बोलायला का लागेल? कुठेतरी पाणी मुरतंय.

जुन्यात काय होतं, तुला पाठ आहे. गडाला वेढा पडलेला. भिवा पहारेकरी पहाटे पायथ्याच्या विहिरीवर शत्रूच्या माणसाशी बोलताना दिसतो आणि संध्याकाळी चोरदरवाजा उघडतो. गड पडतो. पळता पळता त्याचेच लोक त्याला कड्यावरून ढकलतात. भिवा विहिरीवर आला की अख्खं मंडळ उठून पडद्यावर चपला मारतं. पोरं एक नाव घेऊन ओरडतात. ते नाव पुढे सांगतो.

नव्यात विहिरीच्या आधी एक प्रसंग आहे. किल्लेदारच भिवाला सांगतो, खाली जा, फितूर झाल्याचं सोंग कर, संध्याकाळपर्यंत त्यांना बोलण्यात गुंतव, मगच चोरदरवाजा उघड. तेवढ्यात बायकापोरं मागच्या वाटेने बाहेर काढतो. किल्लेदार लढाईत पडतो, म्हणजे हे सांगणारा कुणी उरत नाही.

एक उरतो. भिवाचा जोडीदार दाराआड उभा राहून सगळं ऐकत असतो. भिवाला कड्याकडे ओढत नेतात तेव्हा तो तिथेच असतो आणि तोंड उघडत नाही. राघो, तो जुन्या सिनेमातही होता रे! तोच चेहरा, तीच खाली घातलेली मान. आपल्याला वाटायचं, दोस्त फितूर निघाला म्हणून बिचाऱ्याला लाज वाटतेय.

चपला हातात धरून उभे राहिलेले लोक हळूहळू खाली बसले. मला पहिला संशय तुझाच आला. तूच त्या दिग्दर्शकाला गाठून आपली गोष्ट सांगितली असशील. मयुरीला तसं बोललोही. ती म्हणाली, "पप्पा, शूटिंग तर नव्व्याण्णवचंच छे ने! तमे शुं गांडा जेवी वात करो छो?" वेड्यातच काढलं मला. पण तेही खरंच. आपलं सगळं दोन हजार एकचं. मग नितीनवर संशय घेतला, की त्याने मुद्दाम ही प्रत आणली. तीन दिवस ज्याच्या त्याच्या ओठांकडे बघत हिंडलो, कोण काय बोलतंय म्हणून. कुणीच काही बोलत नव्हतं.

बोलली ती अनुसया. भाकरी थापता थापता, तोंड माझ्याकडे करून. "तुम्ही देखं तेवढं समदासले सांगं. व्हटवरनं वाचं ते गिळी टाकं."

तर आता ते सांगतो.

आपल्या खात्यातला संप मोडल्यावर कामावरून काढलेल्या सात जणांची यादी लागली. संपाच्या बैठकांत आठ जण पुढे होते. आठवा मी. यादीपाशी सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. दगडू कांबळेने विचारलंच, "तुझं नाव कसं नाही रे?" मी घाबरून म्हणालो, "राघोला विचारा. दुपारी तो शेठच्या केबिनमध्ये होता."

खोटं नव्हतं. तू होतास. पण केबिनची काच होती आणि तुझं तोंड माझ्याकडे होतं. तू म्हणालास, "सुकलालचं नाव काढा शेठ, त्याची बायको पोटुशी आहे. नाही काढलं तर मीही उद्यापासून येत नाही." तुझ्यासारखा माग दुरुस्त करणारा जॉबर गमावणं शेठला परवडलं नसतं. त्याने पेन उचललं. मी सगळं वाचलं होतं. घरी येऊन अनुसयाला सांगितलंही होतं. फक्त बाहेर सांगितलं नाही.

नावं तूच फोडलीस असं सगळ्यांनी धरलं आणि खानावळीने तुझं ताट बंद केलं. आठ दिवस तुझ्याशी कुणी बोललं नाही. नवव्या दिवशी तू पेटी उचलून गेलास. मी स्टेशनवर आलो होतो. तू मला काहीच विचारलं नाहीस. तुला ठाऊक होतं की नव्हतं, हा संशय मला चोवीस वर्षं खातोय.

आणि ते नाव. भिवा विहिरीवर आला की पोरं ओरडतात, "राघो आला, राघो आला!" तुला कधी न पाहिलेली पोरं. आमच्या गल्लीत कुणी चुगली केली तर म्हणतात, ह्याने राघो केला. माझी मयुरीसुद्धा लहानपणी खांद्यावर बसून ओरडली आहे, आणि मी तिचे पाय धरून उभा होतो. मला शरम वाटते राघो, फार शरम वाटते.

फोनवर पाठवलेलं पुसता येतं, म्हणून कागदावर लिहिलं. उद्या आरतीनंतर हे पत्र मंडळात माईकवर वाचणार आणि मग टपालपेटीत टाकणार. पुढच्या वर्षी कुणाला ओरडायचंच असेल तर माझं नाव घ्या, असंही सांगणार. अनुसयाला संशय आहे की मी ऐनवेळी ओळी गाळीन. तिने मयुरीकडून पत्राची झेरॉक्स काढून घेतलीय. ती घेऊन पुढेच बसणार आहे.

माफ कर असं म्हणायची माझी लायकी नाही. पण ये. एकदा ये.

ज्याचं नाव तू यादीतून काढायला लावलंस, तो
सुकलाल

ता. क.
राघोभाऊ, त्यासनी माईकवर वाचं. एक ओळ गाळी व्हती, 'मी सगळं वाचलं होतं' ती. मी उठीसन परत वाचाले लावं. आते पत्र पुरं शे.
अनुसया