पाना वाजला नाही

प्रिय दादा,

पाकिटावरचं अक्षर तुला ओळखू आलं नसेल. माझंच आहे. हे पत्र मी चार दिवस लिहितेय, दर पाच-सहा ओळींनंतर पेन खाली ठेवून.

दोन वर्षं मी तुझे फोन घेतले नाहीत. त्याबद्दल पुढे लिहिते. आधी जूनपासूनचं सांगते.

कारखान्यात माझं काम बोल्ट तपासायचं. टॉर्कचा पाना ठरलेल्या जोरापर्यंत ओढला की टक् वाजतो. जूनमध्ये माझा पाना वाजेना. लाल चिठ्ठी लावून मी तो तपासणीला पाठवला, तो निर्दोष ठरून परत आला. मग दुसरा पाठवला, मग तिसरा. तिसऱ्या वेळी प्रयोगशाळेतला मुरली स्वतः आला, माझ्या हातातून पाना घेऊन त्याने एका हाताने ओढला. टक्. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मॅडम, टूल ओके." तीन आठवडे मी चुकीची वस्तू तपासत होते.

इथे चेन्नईत, वेलचेरीला मी ज्यांच्या वरच्या खोलीत राहते, त्या त्रिपुरसुंदरी अक्का तंजावरच्या मराठी. त्यांच्या लेखी ताप, विरह, नापास होणं, सगळं वीकनेसच. "अगे, कंजी पी, उभी राहशील," म्हणत रोज तांदळाची पेज आणून देतात. कंपनीच्या डॉक्टरांनी कागदावर 'थकवा' लिहिलं. आईला मी फोनवर जरा अशक्तपणा आहे एवढंच म्हटलं, तर तिने डिंकाचे लाडू पाठवले. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र असा कुठलाच शब्द वापरला नाही. बोटं दाबून हाताच्या जोराचा आकडा दिला. उजवा हात पाचपैकी तीन. डावा चार, तो मागच्या महिन्यात पाच होता. मला तो आकडाच सगळ्यात जास्त सोसवला.

लगोरीत तू मला कच्चा लिंबू ठेवायचास. चेंडू लागला तरी मी बाद नाही. सगळे म्हणायचे, बहिणीला किती जपतो. मला इतरांसारखं बाद व्हायचं होतं. चेन्नईला निघाले तेव्हा तू म्हणालास, एकटीला झेपणार नाही तुला. मला त्यात पुन्हा लगोरीच ऐकू आली. म्हणून बोलणं तोडलं.

एकोणीस तारखेला दंडातल्या स्नायूचा तुकडा काढून तपासणार आहेत. फॉर्मवर कुणा जवळच्याची सही लागते. अक्का करतील, तेव्हा सहीसाठी हे पत्र नाही. परवा सकाळी कुर्त्याचं बटण लागेना. वीस मिनिटं झाली. मग मी जमिनीवर बसले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाही. दादा, मला झेपत नाहीये. चार दिवस खरं तर या एका वाक्याला लागले. तू ये. आल्यावर मला कच्चा लिंबू म्हण, मी भांडणार नाही.

तुझीच,
देविका