मऊ टायर

प्रिय धाकट्या,

यंदाच्या शर्यतीसाठी बाबांच्या गाडीच्या मागच्या चाकांना कोणते टायर घालायचे, हे तू विचारलंस आणि मी उत्तर द्यायला उशीर लावला. तुझं एकच पालुपद, ताई, मऊच घाल. पण हे फोनवर सांगण्यासारखं नाही, आणि फोन हल्ली आईच्या उशाशी असतो, म्हणून लिहायला बसले.

आधी कामाचं. एवढ्या ताकदीच्या गाडीला, रस्त्यावरही चालवायची तर, दोनच पर्याय. एक कडक रबराचे रुंद टायर. ते टिकतील, पावसात दगा देणार नाहीत, पण शर्यतीत हिरवा दिवा लागला की जागच्या जागी फिरत राहतील आणि शेजारचा निघून जाईल. दुसरे मऊ रबराचे. सुटण्याआधी ब्रेक दाबून जागेवरच फिरवले की ते तापतात, डांबराला चिकटतात आणि गाडी गोळीसारखी सुटते. ओल्या रस्त्यावर मात्र निव्वळ साबण. जिंकायचं तर मऊच, यात तुझं चुकलं नव्हतं. बाबांनीही तेच घातले असते.

म्हणून घातले. बाबांच्या रीतीने रिमवरून टायरवर खडूची सरळ रेघ ओढली. सुटताना टायर रिमवर सरकला तर रेघेचे दोन तुकडे होतात, मग हवा वाढवायची. दुसऱ्या दिवशी शटर उघडलं तर दोन्ही चाकांवरची रेघ तुटलेली, तुकड्यांमध्ये वीतभर अंतर. गाडी जागची हललेली नाही. बॅटरी काढून बाकावर ठेवलेली, किल्ली माझ्या पर्समध्ये. टायरला हात लावला तर कोमट. रेघ मीच वाकडी ओढली असेल, अशी मी माझी समजूत घातली. पुसून पुन्हा ओढली, पुन्हा तेच. मग कडक टायर चढवले. रेघ जशीच्या तशी. परत मऊ घातले, तर सकाळी रेघ तुटलेली आणि गॅरेजभर जळक्या रबराचा वास.

बाबांची गाडी सांभाळणाऱ्या मेस्त्रींना दाखवलं. त्यांचा हयातभर थट्टेचा स्वभाव. ते चाकासमोर उकिडवे बसले, टायरवर तळहात ठेवला आणि एवढंच म्हणाले, की साहेबांचं तापवणं अजून उरकलेलं दिसत नाही. बाबांच्या त्या शेवटच्या शर्यतीच्या दिवशी तू तिथे नव्हतास. बाबांनी ब्रेक दाबला, मागची चाकं फिरवली, धूर निघाला, आम्ही टाळ्या वाजवल्या. धूर थांबेना, तेव्हा मेस्त्री धावले. बाबांचं हृदय थांबलं होतं, दोन्ही पाय मात्र दाबलेलेच. हिरवा दिवा त्यांना मिळालाच नाही.

आईला यातलं काही कळू द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण तो वास तिच्या ओळखीचा. आता रोज सकाळी चहाचा कप घेऊन ती गाडीशेजारी स्टुलावर बसते. म्हणते, जन्मभर ह्यांनी मला ताटकळत ठेवलं, आता कळतंय का स्वतः ताटकळताना. आणि हसते. बऱ्याच दिवसांनी ती हसली म्हणून मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग तिने मेस्त्रींना माळ्यावर टाकलेली, चालकाशेजारची सीट खाली काढायला लावली. वजन कमी करायला बाबांनी काढून टाकलेली ती सीट मेस्त्रींनी बसवून दिली. त्यांना वाटलं मीच सांगितलंय.

काल सकाळी आई स्टुलावर नव्हती. त्या सीटवर होती, बाहेर जायचे कपडे घालून, पर्स मांडीवर घेऊन, पट्टे लावून. म्हणाली, नुसती बसले गं. शर्यतीचे ते खांद्यावरचे पट्टे बसलेल्याला स्वतःचे स्वतः इतके आवळता येत नाहीत, बाहेरून दुसऱ्याने ओढावे लागतात. मेस्त्री तर माझ्या मागोमाग आत आले. मी पट्टे सोडवत होते, आणि आई मला सांगत होती, हळू गं, घाई नाहीये.

मी लगेच कडक टायर चढवले. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. मेस्त्रींमार्फत निरोप येतो, की गाडी आता धाकट्याची, त्याने मऊ मागितलेत, ही कोण बदलणारी. तुझ्या शब्दावर ती अडून बसली आहे, आणि तुझ्याच शब्दावर ती उतरेल. पत्र मिळताच तिला फोन कर. मी लिहिल्याचं कळू देऊ नकोस. सांग, की मला कडकच हवेत आणि ते मऊ विकून टाका. त्या टायरांवर तू जिंकणार नाहीस, पोरं हसतील, हे मला ठाऊक आहे. यंदा हरून ये, धाकट्या.

तुझीच,
ताई