आठातले दोन दिवस

गुरुजी, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, पण माझा राग काही जायला तयार नाही. आज परत उफाळला. इथं नांदेडला, स्वयंपाकघरात, माझी मुलगी गणितं करून राहिली होती. एक छेद आठ अधिक एक छेद आठ. छेद सारखा, तो तसाच ठेवायचा, वरचे अंश मिळवायचे. दोन छेद आठ. "आता संक्षिप्त रूप दे," मी म्हणाले. तिनं दोननं भागून एक छेद चार लिहिलं. भाकरी थापता थापता आई म्हणाली, "झालं! ह्याच हिशोबानं माझी हळद वाळली."

तुम्हाला आठवतं तरी का? वडील गेल्यावर काकांसोबतच्या सामाईक विहिरीचा कागद करायला, हदगावजवळच्या आमच्या गावात, तुम्हालाच बोलावलं होतं. आजोबांकडून आलेला एक दिवस आणि विहीर खोल करताना राबून वडिलांनी मिळवलेला एक, असे आठातले दोन दिवस पाणी आमचं. लागोपाठचे दोन. कागदावर दोन छेद आठचं एक छेद चार झालं आणि काकांनी तेच धरलं. "वहिनी, दर चौथ्या दिवशी एक दिवस घ्या."

आई जीव तोडून सांगते आहे, "गुरुजी, पहिल्या दिशी कोरडा पाटच पाणी पिऊन घेतो. शेवटच्या सरीला दुसऱ्या दिशी पोचतंय. तोडून दिलं तर हळद मरंल." आणि तुम्ही? चष्मा सावरत म्हणालात, "बाई, दोन्ही एकच. गणित खोटं बोलत नाही."

अहो, मग पाट खोटं बोलत होता का? एकदा बांधावर येऊन पाहिलं असतं तर तुमचं काय गेलं असतं? आम्हाला रोज बजावायचात, उदाहरण नीट वाचा. तुम्ही वाचलं? एवढा शिकलेला माणूस म्हणतोय, म्हणून आईनं मुकाट्यानं अंगठा दिला. संक्रांतीआधीच शेवटच्या सऱ्या करपल्या. पुढच्या वर्षी ती दुसऱ्याच्या रानात निंदायला जाऊ लागली.

"त्या मास्तरनं लई वाटोळं केलं," आई अजून म्हणते, आणि मी "हाव" म्हणते. आजही म्हणाले. पण गुरुजी, कागद लिहायला तुम्ही मलाच बसवलं होतं, सहावीतल्या पोरीला. मी दोन छेद आठ लिहिलं. तुम्ही नुसतं विचारलंत, "पुढं?" आणि ते खोडून एक छेद चार मीच केलं. तुम्ही "शाब्बास" म्हणालात, आणि मला लई बरं वाटलं. हे आईला अजून सांगितलेलं नाही. तिला वाचता येत नाही, म्हणूनच आज लिहायची हिंमत झाली.