सुईच्या आधी

अन्नपूर्णा, इंदूर
४ फेब्रुवारी २०२४

ती. दादास,
इंदूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. नाशिकची थंडी आणि तुझे गुडघे, दोघांचीही खबर कळली. मी आता जे लिहिते ते बसून वाच. वहिनींना फोनवर सांगितलं तर त्या ऐकताऐकताच रडतील आणि तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून कागद.

दिवाळीपासून माझं पोट डावीकडे दुखायचं. मी ओवा खाऊन टाळत होते. शेवटी तुझ्या लेकीने, ऋजुताने, मला धरून पलासियाला, तिच्याच हॉस्पिटलात नेलं. सोनोग्राफी झाली, सीटी स्कॅन झालं. घरच्या माणसाचा स्कॅन तिने बघायचा नाही असा तिथला कायदा, तेव्हा तिच्या मोठ्या मॅडमनी पाहिला. स्वादुपिंडाच्या शेपटाशी गाठ आहे, लिंबापेक्षा मोठी, आणि बहुतेक कॅन्सरच, असं म्हणाल्या. गुरुवारी सुई टाकून तुकडा काढणार आहेत.

दादा, मी रडले नाही. घरी आले आणि कुकर लावला. माझ्या समीरला बेंगळुरूला कळवलंय, आईसाठी येतोच म्हणत होता, मी म्हटलं, रुक जा, आधी रिपोर्ट येऊ दे. ऋजुताची मात्र मला काळजी वाटते. वर्ष झालं ती माझ्याकडे राहते, अशी कधी पाहिली नाही. जेवताना माझ्याकडे टक लावून बघते. शेजारच्या भाभीजी मला विचारतात की भतीजी कशाची डॉक्टर, मी सांगते, पोटातले फोटो वाचणारी, फोटोवाली. त्यावर तीच सगळ्यात जास्त हसायची. आता हसत नाही.

तू इकडे यायची घाई करू नकोस. वहिनींना जपून सांग. लोभ आहे तो ह्यापुढेही मला लागणार आहे.

तुझी,
इंदू

•

इंदूर
९ फेब्रुवारी २०२४

ती. बाबांस,
ऋजुताचा शि. सा. न.

आत्याचं पत्र मिळालं असेल. त्यानंतरचं मी लिहिते. बायोप्सी झाली नाही. मी थांबवली.

बुधवारी संध्याकाळी आत्या ओट्याखालून पिठाचा डबा ओढायला वाकली आणि तशीच बसली. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, मानेची शीर उडताना मला दिसत होती. मी बीपी घेतलं तर वरचा आकडा दोनशेच्या पार. थोड्या वेळाने सगळं ठीक, आणि ती म्हणाली की असं तर होतंच असतं, आतोबा गेल्यापासून घाबरायला होतं, डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली आहे. मी वर्षभर तिच्या घरात राहते आणि तिने हे मला कधी सांगितलं नव्हतं.

मी हॉस्पिटलात परत गेले आणि कायदा मोडून तिचा स्कॅन उघडला. गाठ स्वादुपिंडाला चिकटलेली दिसते, पण मला ती त्याच्या मागे, मोठ्या धमनीला खेटून वाटली. स्कॅनसाठी शिरेतून औषध सोडल्यावर ती धमनीसारखीच उजळली होती. बाबा, पोटात क्वचित एक गाठ होते, ती दुसऱ्याच ट्यूमरचं सोंग घेते. भ्यालेल्या शरीरात जे रसायन सुटतं तेच ती बनवत बसते. पॅरागँग्लिओमा म्हणतात. तिला बेसावध सुई लागली तर सगळं रसायन एकदम रक्तात उतरतं आणि माणूस टेबलावरच जाऊ शकतो.

खात्री करण्यातच रात्र गेली. गुरुवारी सकाळी बायोप्सीच्या खोलीत पोचले तेव्हा आत्या टेबलावर होती, ट्रे मांडलेला होता. सर्जन डॉ. यशवर्धन हातमोजे घालून उभे होते. मी म्हटलं, सर, एक लघवीची तपासणी होईपर्यंत थांबा. त्यांनी विचारलं, हे तू डॉक्टर म्हणून सांगतेस की भतीजी म्हणून. मी म्हटलं, दोन्ही. मोठ्या मॅडमही तिथेच होत्या, त्यांच्या रिपोर्टविरुद्ध मी बोलत होते. कॅन्सर असेल तर उशीर तुझ्या माथी, हे सर स्पष्ट बोलले. मग त्यांनी हातमोजे काढले.

रिपोर्ट यायचा आहे. मला झोप येत नाही. बाबा, हे कधी कधी घराण्यात असतं. आजीला असं काही होत होतं का? मी लहानपणापासून एवढंच ऐकलंय की ती ऑपरेशनमध्ये गेली. आठवेल ते सगळं लिहा, स्पीड पोस्टाने पाठवा.

आशीर्वाद असू द्यावा, ह्या वेळी जरा जास्त.

तुमची,
ऋजुता

•

नाशिक
१३ फेब्रुवारी २०२४

चि. ऋजुतास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मी आधी एकट्याने वाचलं, मग तुझ्या आईला वाचून दाखवलं.

होय, होत होतं. आपलं घर तेव्हा इंदूरलाच, बडा गणपतीपाशी होतं. आई पोळ्या लाटता लाटता लाटणं ठेवून भिंत धरायची. ओठ पांढरे, पदर घामाने भिजलेला. आम्ही मुलं पंखा घेऊन धावायचो. वैद्यांनी वात सांगितला, शेजारणींनी देवीचं सांगितलं. आईचं स्वतःचं म्हणणं असं की छातीत कुणीतरी ढोल वाजवतंय. मग चौऱ्याहत्तर साली पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. साधं होतं, घाबरण्यासारखं काही नाही असं सगळेच म्हणाले. ती टेबलावरच गेली. डॉक्टर बाहेर आले ते माझ्यापेक्षा जास्त हादरलेले होते. मी बावीस वर्षांचा होतो आणि इंदू अठराची. आमच्या घरात पुन्हा कुणी तो विषय काढला नाही, कारण काढून काय विचारायचं हेच कुणाला माहीत नव्हतं.

ते काय विचारायला हवं होतं, ते काल तुझ्या पत्रात वाचलं.

रिपोर्ट काहीही येवो. मोठ्या माणसांच्या मधे उभं राहून तू थांबा म्हणालीस, ह्याचा मला जो अभिमान वाटतो तो रिपोर्टवर अवलंबून नाही. तू फोटोंची डॉक्टर झालीस तेव्हा मला वाटलं होतं, ही पोर माणसांपासून लांब बसणार. तसं काही झालेलं दिसत नाही.

वेळेवर जेव. इंदूला सांग, दादा हुकूम करतो आहे की डबे ओढू नकोस.

तुझे,
बाबा

•

इंदूर
२७ फेब्रुवारी २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या लेकीचं खरं निघालं. दिवसभराची लघवी एका मोठ्या कॅनमध्ये जमा करायची होती. तो कॅन थंड ठेवायचा, म्हणून बाथरूममध्ये बर्फाच्या बादलीत. नेमक्या त्याच दिवशी भाभीजी आल्या आणि विचारू लागल्या की बर्फात थंड करायला शिकंजी केली का. मी म्हटलं, नाही, ही स्पेशल आहे.

ते रसायन नेहमीच्या कितीतरी पट निघालं. दाखवायला गेले तेव्हा मोठ्या मॅडम स्वतः माझ्यापाशी आल्या, ऋजुताच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला म्हणाल्या की ही गाठ भल्याभल्यांना फसवते, मला फसवलं, हिला नाही. एवढ्या मोठ्या बाईने हे सगळ्यांसमोर म्हणावं, मला त्यांचंही कौतुक वाटलं.

गाठ काढायची आहे, पण लगेच नाही. आधी काही आठवडे गोळ्या, म्हणजे रक्तदाबाला लगाम बसेल. त्या गोळ्यांनी नाक चोंदतं आणि उठताना चक्कर येते. त्या चक्करीसाठी मीठ आणि पाणी भरपूर घ्यायला सांगितलंय.

आईचं तू लिहिलेलं ऋजुताने मला वाचून दाखवलं. दादा, मला तो ढोल आठवत होता. तो माझ्याही छातीत वाजतो हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही, कारण मला वाटायचं की सांगितलं तर मीही आईसारखी जाईन. आता टेबलावर जायची भीती वाटते, खोटं कशाला बोलू. समीर आला आहे, दिवसभर माझ्याभोवती फिरतो. पण रात्री दिवा घालवताना मी ऋजुताला विचारते, आणि ती दरवेळी तेच सांगते, की आजीच्या वेळी कुणाला माहीत नव्हतं, तुझ्या वेळी सगळ्यांना माहीत आहे. तेवढ्यावर मला झोप लागते.

वहिनींना नमस्कार. माझ्यावरचं प्रेम पातळ होऊ देऊ नये.

तुझी,
इंदू

•

इंदूर
२० मार्च २०२४

ती. बाबांस,
शि. सा. न.

आत्या बरी आहे, हे आधी. काल ऑपरेशन झालं.

सरांनी मला आत उभं राहू दिलं. त्यांनी गाठीला नुसतं बोट लावलं आणि मॉनिटरवरचा आकडा चढू लागला. दोनशे, दोनशे तीस. भूलतज्ज्ञ तयारीत होते, त्यांनी औषध सोडलं, सरांनी हात काढला, आकडा उतरला. पुन्हा हात, पुन्हा तेच. सर मास्कमधूनच म्हणाले, ऋजुता, ह्याच्यात मी सुई घालायला निघालो होतो. मग शेवटची शीर बांधली आणि आकडा धाडकन खाली आला. त्याचीही तयारी होतीच. थोड्या वेळाने तो स्थिर झाला आणि तसाच राहिला.

मी बाहेर येऊन समीरदादाला सांगितलं आणि मग जिन्यात बसून पोटभर रडले. शुद्धीवर आल्यावर आत्याने पहिलं काय विचारलं असेल, तर ऋजुता जेवली का.

गाठ पूर्ण निघाली, पण ही जात विश्वासाची नाही, दरवर्षी तपासणी लागेल. तुमचीही लागेल. नाशिकला कुठे जायचं ते वेगळ्या कागदावर लिहिलं आहे. टाळू नका.

तुमचा हात डोक्यावर आहे असंच समजून चालते.

तुमची,
ऋजुता

•

इंदूर
१९ मे २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी तपासणी ठीक आली हे वाचून मी देवापुढे साखर ठेवली. माझ्या रक्तात तो घराण्यातून येणारा दोष सापडला, तुझ्यात नाही, म्हणजे ऋजुताही सुटली. समीरचा रिपोर्ट अजून यायचा आहे. काळजी आहे, पण आता निदान कशाची काळजी करायची ते ठाऊक आहे. मी भाजी आणायला चालत जाते. वाकते, उठते, छातीत ढोल नाही.

आता खरी बातमी. काल हॉस्पिटलात डॉक्टरांची सभा होती. ऋजुताने माझी केस मांडली. मला विचारून, माझी सही घेऊन. मी म्हटलं, मग मीपण येणार. समीरच्या बायकोने पाठवलेली माहेश्वरी नेसून मागच्या रांगेत बसले. ऋजुता इंग्रजीत बोलत होती, माझ्या पोटाची चित्रं एवढ्या मोठ्या पडद्यावर. एका डॉक्टरने विचारलं, तुम्हाला स्कॅनमध्ये संशय कशाने आला. ती म्हणाली, स्कॅनमध्ये नंतर, आधी स्वयंपाकघरात आला. लोक हसले, पण लिहून घेतलं.

शेवटी तिने पडदा रिकामा केला आणि हिंदीत बोलली, माझ्यासाठी असेल. म्हणाली, ह्या पेशंटच्या आईलाही हाच आजार असावा. एका साध्या ऑपरेशनमध्ये त्या गेल्या. चूक कुणाची नव्हती, तेव्हा कुणी ओळखू शकलं नसतं. त्यांचं नाव शारदाबाई. इथून पुढे पोटात अशी गाठ दिसली, तर सुई उचलण्याआधी शारदाबाईंची आठवण करा आणि पेशंटला विचारा, कधी अचानक घाम येऊन छाती धडधडते का.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे खाली मान घालून लिहीत होते. माझ्या पुढच्या रांगेतल्या मुलीच्या वहीत मी डोकावले. तिने शारदाबाई असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

दादा, पन्नास वर्षं आपण दोघांनी आईचं नाव दबक्या आवाजात घेतलं. काल ते भरल्या सभेत, मोठ्याने घेतलं गेलं, आणि घेणारी तुझी लेक होती.

तुझी,
इंदू