निम्म्या जाळावरची हळद

आबा, शिरडच्या शेतात हळद शिजायची तेव्हा आपण दोघं कढईपाशी बसायचो. तुम्ही वरचं ओलं पोतं जरा उचलून एक कंद काढायचात आणि मी त्यात काडी टोचायचे. सहज आत गेली की शिजली. त्या वर्षी मी हिंगोलीच्या सिस्टरांच्या शाळेतून सुट्टीला आले होते, आणि काकांनी ठरवूनच टाकलं होतं की पोरीची शाळा आता पुरे. तेच काका कढईखाली लाकडं कोंबत आहेत, पाणी खदखदतं आहे, आणि मी न राहवून म्हणते, "काका, एकदा उकळलं की पाणी आणखी तापत नाही. कितीही जाळ घाला, त्याची नुसती वाफ होते." काका तुमच्याकडे वळले. "दादा, हेच शिकायला पाठवलं व्हय हिला? इतकी लाकडं काय शोभेला जाळून राहिलो आमी?"

तुम्ही हसला नाहीत. "काहून तापत न्हाई?" एवढंच विचारलंत. सिस्टरांनी शिकवलेलं मी सांगितलं. वरून हवा जितकी दाबते, त्यावर पाणी किती तापून उकळायचं ते ठरतं. उंच डोंगरावर हवेचा दाब कमी, म्हणून तिथे ते लवकर उकळतं आणि डाळ मात्र कच्ची राहते. याहून तापवायचं तर वाफ घट्ट कोंडावी लागते. तुम्ही वाकून कढईखालची निम्मी लाकडं ओढून विझवलीत. काका म्हणाले, "कच्ची राहिली तर व्यापारी हात लावायचा न्हाई." तुम्ही म्हणालात, "कच्ची राहिली तर पोरगी घरी राहील. शिजली तर शाळेत जाईल. बराबर?" पाणी मात्र उकळतच राहिलं, जरा शांतपणे. नेहमीच्या वेळेला तुम्ही कंद काढलात आणि काडी माझ्याऐवजी काकांच्या हातात दिलीत. ती अलगद आत गेली. "जाऊ द्या शाळेत," काका म्हणाले, "न्हाईतर उद्या चूलच बंद करायला लावील."

पुढे कॉलेजसाठी परभणीला खोली घेतली तेव्हा तुम्ही आणि आई नवा कुकर घेऊन आलात. पहिली शिट्टी झाली तशी आई दचकून दाराबाहेर गेली. "एवढं काहून चिडून राहिलं ते?" तुम्ही तिला समजावलंत, "वाफ कोंडली ना. आता पाणी जास्त तापतं." माझाच धडा, तुमच्या तोंडून. तो मी पुढे आयुष्यभर शिकवला, आणि प्रत्येक वर्गात तुमच्या कढईखालची निम्मी लाकडं ओढली. आता भाऊ बॉयलरची वाफ टाक्यांत सोडून हळद शिजवतो. कढई गोठ्यामागे पालथी पडली आहे.

तुम्ही गेल्यावर लिहिलेलं हे पत्र माझ्यामागे घरच्यांनाच सापडेल, म्हणून वाटणीही इथेच लिहिते. कढई भावाकडेच राहावी. भंगारात न घालता तिच्यात जनावरांना पाणी ठेवावं. माझी विज्ञानाची पुस्तकं शाळेला द्यावीत. कुकर भावाच्या नातीला. ती आता नांदेडला शिकायला निघाली आहे आणि प्रत्येक गोष्टीला 'काहून' विचारते. भांडं, झाकण, रबर, सगळं पुसून पिशवीत भरलं आहे. शिट्टी तेवढी अजून माझ्या उशाशी आहे. तिच्याशिवाय कुकर कामाचा नाही, हे मला कळतं, आबा. उद्या देईन. कालही हेच म्हणाले होते.