मिठाच्या पाण्याचा ताळा

सर, ज्याच्या घरच्या दुधात तुम्हाला पाणी सापडलं होतं, तो मी. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली आणि मी एकदाही राजूरच्या शाळेकडे फिरकलो नाही, तेव्हा एवढी ओळख द्यायलाच हवी. आठवीत तुम्ही दुधाचा प्रयोग घेतलात. आईनं नुकतंच काढलेलं दूध बाटलीत घेऊन मी पळत आलो होतो. तुम्ही त्यात दुग्धमापक सोडलात, तो जास्तच खाली गेला आणि तुम्ही वर्गासमोर म्हणालात, "यात पाणी आहे." पोरं फिदीफिदी हसली. दुपारपर्यंत गावभर झालं. घरोघर दूध घालणारी माझी आई त्या दिवशी जेवलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही सायकल घेऊन आमच्या दारात. शेजारणी बघतायत, आई पदर सावरत उभी आहे, आणि तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणताय, "बाई, चूक माझी झाली. दूध कोमट होतं, ते थंड व्हायची वाट मी पाहिली नाही. तुमचं दूध चोख आहे." आई गोंधळून एवढंच म्हणाली, "असू द्या सर, चहा तरी घेऊन जा." दहावी झाल्यावर तोच दुग्धमापक कापसात गुंडाळून तुम्ही मला दिलात. तो आजही माझ्या टेबलावर आहे.

टेबल जालन्यातल्या एका बियाणे कारखान्यात आहे. बी तपासणं हे माझं काम. बाजरीच्या बियाण्यात अरगट रोगाच्या विषारी गाठी असतात, त्या काढायला बी मिठाच्या पाण्यात टाकतात. गाठी आणि पोचट दाणे तरंगतात, ते फेकायचे. चांगलं बी तळाशी बसतं, ते धुऊन सावलीत वाळवायचं. पाणी वीस टक्के मिठाचं हवं. हे पाणी बनवायला एक मावशी होत्या, टेंभुर्णीकडच्या, घरी मेंढरं असलेल्या. ठरलेलं माप, ठरलेली बादली, कित्येक हंगाम तक्रार नाही. मला मात्र हुशारी सुचली. पाण्याची घनता मोजायची, कॉम्प्युटरवर टाकायची, की मीठ किती टक्के ते समोर यावं. पुस्तकातल्या तक्त्यावरून मी एक्सेलमध्ये आलेख काढला, आलेखावर उमटलेलं सूत्र खालच्या रकान्यात उतरवलं आणि आठवडाभर मिरवलं.

शीट वापरायच्या पहिल्याच दिवशी घनता आली एक पूर्णांक पंधरा. शीट म्हणालं, पंधरा टक्के. मी मावशींना म्हणालो, मीठ कमी पडलंय, टाका अजून. त्यांनी टाकलं. पुन्हा टाकलं. मग हात थांबवून म्हणाल्या, "साहेब, मीठ इरघळून न्हाई राह्यलं, तळाला बसून राह्यलंय. अन् चांगलं बी बी वर येऊन राह्यलं. बघा तरी." मी बघायला उठलोसुद्धा नाही. म्हणालो, "मावशी, कॉम्प्युटरला बराबर कळतं." चांगल्या बियाचं पोतंच्या पोतं तरंगलं म्हणून फेकलं गेलं. मॅनेजरनं विचारलं तेव्हा मी सांगितलं, मावशींनी मीठ जास्त टाकलं. "साहेबांनी सांगितलं तेवढंच टाकलं वो," त्या म्हणाल्या. माझ्याकडे पाहत होत्या. मी कागदांत डोकं घातलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांना येऊ नका म्हणून सांगण्यात आलं.

त्यांच्या जागी आलेल्या बाईनं ठरलेल्या मापानंच पाणी केलं. शीट पुन्हा पंधरा म्हणालं. तेव्हा कुठे मला तुमचं आठवलं, "उत्तर आलं म्हणून उड्या मारू नकोस, ताळा कर." ज्या तक्त्यावरून सूत्र काढलं होतं, त्याच तक्त्यातला आकडा मी सूत्राला परत विचारला. पुस्तकात एक पूर्णांक पंधराच्या समोर जवळजवळ वीस टक्के होते. सूत्र पंधराच सांगत होतं. आलेख नीटनेटका दिसावा म्हणून मी दशांशाची दोनच स्थळं ठेवली होती. एक टक्का मिठामागे घनता वाढते ती शून्य पूर्णांक शून्य शून्य सात चार, तो आकडा दोन स्थळांत बसवताना शून्य पूर्णांक शून्य एक झाला होता, आणि मी तोच उतरवला होता. गणित पुरं व्हायच्या आधीच असा आकडा छाटला म्हणून शाळेत तुम्ही माझी वही परत फेकली होतीत. त्यात एवढं काय चुकलं म्हणून मी तेव्हा घरी जाऊन रागानं रडलोही होतो. म्हणजे मावशींचं पाणी पहिल्यापासून बरोबर होतं.

सूत्र दुरुस्त करायला दोन मिनिटं लागली. मॅनेजरला सांगितलं, "कॉम्प्युटरमध्ये गडबड होती, काढली." तो बरं म्हणाला. मावशींचं नाव त्यानं काढलं नाही, मीही काढलं नाही.

परवा सुट्टी होती. मोटारसायकल काढून टेंभुर्णीपर्यंत गेलो. घर कोणीतरी लांबून दाखवलं. दारात मावशी होत्या, दोन बायका त्यांच्याशी बोलत बसल्या होत्या. त्या गेल्या की जाऊ, असं मी स्वतःला सांगितलं आणि कोपऱ्यावरच्या टपरीत बसून चहा मागवला. मग त्या दोघी गेल्या. मावशी एकट्याच उरल्या. मी दुसरा चहा मागवला, तो संपवला आणि जालन्याला परत आलो. सर, तुम्हाला लिहिणं सोपं गेलं, कारण तुम्ही मला दारात उभं राहून बघणार नाही. आणि एक राहिलंच. चूक मावशींची नव्हती, माझी होती, हे दाखवणारी ती जुनी शीट मी पुसून टाकली आहे.