बाथरूमची दोरी

सोमवार, ३ मार्च

वृद्धाश्रमात नव्या घंटा बसल्या. आम्हा आयांना शिकवायला कोण आलं, तर माझीच लेक! प्रोग्राम तिच्या कंपनीचा. गुरुवारी जुन्या घंटा काढणार.

मेट्रनबाई म्हणाल्या, "आता धावपळ संपली हो मावशी." बघू!

मंगळवार, ४ मार्च

जेवताना लेकीला विचारलं, हे आतून चालतं कसं? "तुला नाही कळायचं." म्हटलं, सांग मुकाट्यानं.

इंटरफेस म्हणजे कामाची नुसती यादी. यादीत काम एकच — 'बोलाव'. कसं बोलवायचं, ते ज्यानं त्यानं आपल्या क्लासात, म्हणजे प्रोग्रामच्या आपल्या तुकड्यात, लिहायचं. खाटेचा क्लास घंटा वाजवतो, जिन्याचा लाल दिवा लावतो, बाथरूमचा मेट्रनबाईंचा फोन वाजवतो. मधला प्रोग्राम सगळ्यांना 'बोलाव' एवढंच म्हणतो. पुढं कोण काय करतं, विचारत नाही.

"आणि एखाद्यानं ते काम लिहिलंच नाही तर?"

"मशीन अडवतं ना. पुढं जाऊच देत नाही."

"नाव लिहिलं, आत काहीच नाही — मग?"

"मग... चालतं."

चालतं म्हणे! हजेरी लावून झोपा काढणाऱ्या बाया मी काय कमी पाहिल्यात? पुढं जेवली नाही ती. ताट सारून उठली.

बुधवार, ५ मार्च

दुपारी एकेक करून पाहिलं. खाट — वाजली. जिना — दिवा लागला. बाथरूमची दोरी ओढून मेट्रनबाईंच्या टेबलाशी आले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर हिरवी टिकली, 'बोलावले'. मेट्रनबाईंचा फोन समोर टेबलावर — ढिम्म! तीनदा ओढली. ढिम्म!

म्हातारी माणसं पडतात ती तिथंच!

लेकीला फोन केला. "तो क्लास चष्मिशनं लिहिलाय, माझ्या शेजारी बसतो तो. मी बघते. तू गप्प बस, आई."

गप्प? उद्या जुन्या घंटा काढणार! तडक मेट्रनबाईंकडे गेले. चष्मिशचं नावही सांगितलं.

गुरुवार, ६ मार्च

जुन्या घंटा काढल्या नाहीत.

शुक्रवार, ७ मार्च

दुरुस्त झालं. दोरी ओढली की फोन ठणाणा करतो. चष्मिशला कामावरून काढलं. बरं झालं! जीव गेला असता कुणाचा. लेक मात्र दोन दिवस अबोला धरून बसलीय. कशाला, देव जाणे.

शनिवार, ८ मार्च

सकाळी बोलली. "आई, तो क्लास माझा होता. नंतर भरू म्हटलं, राहूनच गेलं."

मी म्हटलं, चपला घाल. तुझ्या साहेबांकडे जायचंय.